म्हातारीची खोली

बांतामाच्या बाजारामागे शिवणाच्या दुकानांची रांग आहे, त्यात निळ्या दाराचं दुकान डुफीचं. दारावर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. आतून खळखळून हसण्याचा आवाज आला की ते डुफीचं, एवढी खूण कुमासीतल्या बायकांना पुरते. पूर्ण नाव अबेना डुफी. पंचावन्नी ओलांडलेली, अंगानं भरलेली. सुई ओवताना चष्मा कपाळावर आणि माणूस न्याहाळताना नाकावर. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिनं नजरेनंच माप घेतलेलं असतं. कुणाची कंबर वर्षभरात किती सुटली हे त्या बाईच्या नवऱ्याच्या आधी डुफीला कळतं. ती मात्र काही बोलत नाही. शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोडते आणि गप्प बसते.

तोंडावरच्या याच ताब्यामुळे बोन्सुआसो गावच्या लोकांनी तिला मंडळाची चिटणीस केलं. गाव आत जंगलाकडे, कोकोच्या बागांतलं. निम्मी माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली. काही कुमासीत, काही राजधानीत, अक्रात, आणि एकटी सिस्टर अजेवा थेट हॅम्बुर्गला. या सगळ्यांचं मिळून बोन्सुआसो मंडळ. शाळेला छप्पर घातलं ते मंडळानं, विहिरीवर पंप बसवला तो मंडळानं, आणि आता सुईणीसाठी घर बांधत होतं तेही मंडळच. सरकारनं सुईण द्यायचं कबूल केलं होतं, पण तिला राहायला घर असेल तरच. भिंती उभ्या राहिल्या होत्या. वर पत्रा नव्हता.

हे घर म्हणजे डुफीच्या जिवाचा विषय. तिच्या धाकट्या बहिणीला कळा आल्या तेव्हा गावात सुईण नव्हती. डुफीचा नवरा तेव्हा टॅक्सी चालवायचा. त्यानं दवाखान्याकडे गाडी पळवली, पण पोर दवाखान्याची वाट बघायला तयार नव्हती. ती मागच्या सीटवरच झाली. तिचं बाप्तिस्म्याचं नाव फार सुरेख आहे, पण घरात आजही तिला ‘टॅक्सी’च म्हणतात. सगळे हसतात, डुफीही हसते. पण त्या रात्री बहिणीचा हात कसा गार पडत चालला होता ते तिला अजून आठवतं. म्हणून ‘सुईणीचं घर’ हा ठराव तिनं मांडला होता आणि त्यावर पत्रा चढेपर्यंत तिला चैन नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच अक्राहून निमाकोचा फोन आला. निमाको विमा कंपनीत साहेब, अक्रातल्या गावकऱ्यांचा पुढारी.

“आंटी डुफी, स्पष्ट सांगतो. आम्ही अक्राचे लोक दर महिन्याला बसमध्ये हाडं मोडून घेणार नाही. मीटिंग मोबाइलवर घ्या, नाहीतर आम्ही आमचं वेगळं मंडळ काढतो.”

“आणि पत्रा?”

“वेगळं मंडळ झालं की वेगळा विचार करू.”

वेगळा विचार म्हणजे काय ते डुफीला न सांगता कळलं. पत्र्याचा मोठा भार अक्राकरच उचलणार होते.

ती गावी जाऊन नाना ग्येबींना भेटली. नाना म्हणजे मंडळाचे प्रमुख आणि गावाचे मोठे, गावापुरते राजेच. ते चारचौघांत कुणाशी थेट बोलत नाहीत. ते हळू आवाजात पुटपुटतात आणि त्यांच्या वतीनं बोलणारे ओच्यामे टीबू ते मोठ्यानं, चार चांगले शब्द घालून सांगतात. त्या दिवशी नाना दोन शब्द पुटपुटले. टीबूंनी घसा साफ केला.

“नाना म्हणतात, डुफी, तू बायकांसाठी कापड निवडतेस. कुणाच्या अंगाला काय शोभेल हे तुला कळतं. ही जी मोबाइलमधली बैठक म्हणतात, तीही तूच निवड. पण एक लक्षात ठेव, बैठक बैठकीसारखी झाली पाहिजे.”

दोन शब्दांत एवढं कसं मावलं हे विचारायची पद्धत नाही.

डुफी कामाला लागली. बाजारात नवं छापील कापड आलं की बायका त्याला नाव ठेवतात, आणि मग ते त्याच नावानं खपतं. डुफीनंही तेच केलं. ॲपची इंग्रजी नावं तिच्या लक्षात राहीनात, म्हणून तिनं आपली नावं दिली.

पहिल्याचं नाव तिनं वापरून झाल्यावर ठेवलं. ते फुकट होतं आणि सोपं होतं. रविवारी सगळे जमले. टीबूंनी जमिनीवर दारू शिंपडून पूर्वजांना बोलावलं. मग चर्चला जाणाऱ्या प्रेस्बिटेरियन मंडळींची कुचंबणा नको म्हणून त्यांचे धर्मशिक्षक, कॅटेकिस्ट ओवुसूंनी एक प्रार्थना म्हटली, आणि पूर्वजांना कमी पडलं असं वाटू नये म्हणून जरा लांबच म्हटली. मग प्रत्येकानं प्रत्येकाला नमस्कार केला. मग घरची खुशाली, तब्येत, कोकोचं पीक, हॅम्बुर्गची थंडी. मग टीबू म्हणाले, “इकडे सगळं शांत आहे. आता तुम्ही कशासाठी आलात ते सांगा.” निमाकोनं तोंड उघडलं आणि सगळ्यांचे पडदे काळे झाले.

फुकटातल्या बैठकीला चाळीस मिनिटांची मुदत होती.

“पुन्हा जोडते,” डुफीनं सगळ्यांना कळवलं. माणसं पुन्हा जमली. पण टीबूंचं म्हणणं असं की बैठक नव्यानं भरली म्हणजे ती नव्यानंच सुरू व्हायला हवी, पूर्वज काही मध्येच लटकत राहत नाहीत. दारू पुन्हा शिंपडली. ओवुसूंनी पुन्हा प्रार्थना म्हटली. खुशाली पुन्हा विचारली, आणि सिस्टर अजेवानं हॅम्बुर्गला अजूनही थंडी असल्याचं सांगितलं. निमाकोनं तोंड उघडलं. पडदे काळे.

तिसऱ्या खेपेला टीबूंची बाटली संपली.

डुफीचा नवरा दारात बसून भाजलेली केळी खात हे सगळं बघत होता. टॅक्सी विकून त्याला बरीच वर्षं झाली, पण बायको त्याला अजून ड्रायव्हरच म्हणते.

“काय गं, झाली का मीटिंग?”

“ड्रायव्हर, पूर्वज तीनदा येऊन गेले. विषय एकदाही आला नाही.”

त्या ॲपचं नाव पडलं ‘घाईचा पाहुणा’.

दुसरं ॲप निवडताना डुफीनं सावधपणा केला. आधी घरी चाचणी घेतली. ड्रायव्हरला अंगणात खुर्चीवर बसवून त्याला नाना केलं, स्वतः आत जाऊन टीबू झाली. मुदत संपते का ते बघायला त्याला बराच वेळ बसवून ठेवलं. शेवटी अंगणातून आवाज आला, “डुफी, मी कधीचा राजा होऊन बसलोय. राजाला जेवायला घालायची पद्धत तुमच्यात नाही का?”

या ॲपला मुदत नव्हती. आवाज तर इतका स्वच्छ की शेजारच्या आवारातलं, फुफूसाठी उकडलेले कंद कुटण्याचं मुसळही ऐकू यायचं. डुफीला वाटलं, जमलं.

त्या रविवारची सुरुवातच वाईट झाली. अक्राच्या लोकांनी एकजात हात हलवून नानांना नमस्कार केला, डावा हात हलवून. उजव्या हातात मोबाइल धरलेला, मग मोकळा राहिला तो डावाच. टीबूंचा चेहरा ताडपत्रीसारखा ताणला गेला.

“नानांना डावा हात? अक्रात आता हेच शिकवतात का?”

“ओच्यामे, उजव्या हातात फोन आहे!” निमाको म्हणाला.

“मग फोन डाव्या हातात धर! फोनचा अपमान झाला तर चालतो.”

ते निभावलं. मग निमाकोनं आपला मुद्दा मांडला. मंडळ चालवण्यात अक्राकरांना वाटा हवा, नाहीतर ते बाहेर पडणार. आता असा मोठा प्रश्न आला की त्याला एक रीत आहे. वडीलधारी मंडळी उठतात, “जरा म्हातारीला विचारून येतो” म्हणतात आणि शाळेमागच्या आंब्याखाली जातात. तिथं कुजबुज होते. मग ती परत येतात आणि टीबू जाहीर करतात, “म्हातारी म्हणाली की…” त्यावर वाद नाही. म्हातारी कुठेच नसते, हे सगळ्यांना माहीत असतं. आंब्याखाली असतात चार-पाच पुरुष, तपकीर ओढत.

त्या दिवशीही वडीलधारे गावातल्या मंडपातून उठले. म्हातारीला विचारायला पाठीमागे गेले. मोबाइल मात्र जागेवरच राहिला, बोलता आणि ऐकता.

सगळ्या जगाला ऐकू आलं. आधी कुणीतरी नाक शिंकरलं. मग ओवुसूंचा आवाज आला, “अक्राच्या पोरांना काय वाटा द्यायचा? पाठवायचं ते पाठवतात, पुरे झालं.” टीबू म्हणाले, “डावा हात दाखवणाऱ्यांना मी आंब्याखाली येऊ देणार नाही.” कुणीतरी हसलं.

मंडळी परत आली. टीबूंनी घसा साफ केला. “आम्ही म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणाली की…”

“ऐकलं आम्ही,” निमाको म्हणाला. “म्हातारीचा आवाज बराच घोगरा झालाय. तिला तपकीर कमी ओढायला सांगा.”

आणि त्याची चौकट विझली. पाठोपाठ अक्राची एकेक चौकट विझत गेली. गाव आणि कुमासी तेवढं उरलं, आणि हॅम्बुर्गहून सिस्टर अजेवा, तिला अजून काही कळलं नव्हतं. ती विचारत होती, “म्हातारीची तब्येत बरी नाही का?”

या ॲपचं नाव ‘गप्पिष्ट शेजारीण’.

डुफीनं त्या दिवशी मशीनला हात लावला नाही. भिंती उघड्याच राहणार, सुईण दुसऱ्या गावाला जाणार, आणि बोन्सुआसोच्या पोरी आणखी कितीतरी ‘टॅक्सी’ जन्माला घालणार. दुसऱ्या दिवशी तिनं निमाकोला फोन लावला. समजूत घालायला नाही. नुसतं ऐकायला.

बराच वेळ तो बसबद्दल बोलत होता. डुफी ‘हं हं’ करत राहिली. गिऱ्हाईक घेराबद्दल तक्रार करतं तेव्हा टोचत असते बाही, हे तिला माहीत होतं.

“निमाको भाऊ,” ती शेवटी म्हणाली, “बसचा त्रास तर कायमचाच होता. तुझे वडील तर कोकोच्या ट्रकवर बसून यायचे.”

निमाकोनं बसचा विषय सोडला.

“आंटी, बस सोसली असती. पण पाच तास बसून यायचं आणि मग म्हातारीच्या दाराबाहेर बसायचं. ते आंब्याखाली जातात, आम्ही बाकावर. लहानपणी बापाबरोबर बसायचो, तसेच अजून बसलोय. माझं डोकं पिकलं, आंटी.”

“एक मीटिंग दे मला,” डुफी म्हणाली. “फक्त एक. मग तुला जायचं तिकडे जा.”

“एकच,” तो म्हणाला.

आता काय हवंय ते डुफीला पक्कं कळलं होतं. वेळ नको, आवाज नको, चित्र नको. ॲप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा फोन नंबर मिळवून तिनं विचारलं. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात सांगायला लागली. त्यात पार्श्वभूमीला समुद्रकिनारा लावता येतो, चेहरा उजळ करता येतो…

“पोरी, चेहरा राहू दे. आतली खोली आहे का?”

“आतली… खोली?”

“मीटिंग चालू असताना चार जणांना बाजूला जाऊन बोलता येतं का?”

“हो, येतं मॅडम! वेगळी खोली करता येते.”

“बाहेर आवाज येतो?”

“अजिबात नाही.”

“कुणाला आत पाठवायचं ते कोण ठरवतं?”

“यजमान ठरवतात. म्हणजे तुम्हीच.”

डुफीनं चष्मा नाकावर घेतला. “पुन्हा सांग.”

“तुम्हीच ठरवता, मॅडम. कोणत्या विभागासाठी हवं होतं?”

“म्हातारीसाठी,” डुफी म्हणाली. मुलीनं ते काहीतरी लिहून घेतलं.

हे ॲप फुकट नव्हतं. ओवुसू कुरकुरले, पण डुफीनं त्यांना एवढंच विचारलं, “कॅटेकिस्ट, तुमची नाक शिंकरण्याची पद्धत हॅम्बुर्गनं आणखी एकदा ऐकावी का?” ते लगेच तयार झाले.

रविवार आला. डुफीनं सगळ्यांना आधीच बजावलं होतं, मोबाइल हातात धरायचा नाही, दुधाच्या डब्याला टेकवून ठेवायचा. त्यामुळे झाडून सगळ्यांचे उजवे हात मोकळे झाले, आणि इतक्या उत्साहानं हलले की नानांनी मान डोलावली. दारू शिंपडली, प्रार्थना झाली, खुशाली झाली. हॅम्बुर्गला थंडी कमी झाली होती. सगळं सावकाश झालं, पडदा कुणी काळा केला नाही.

निमाको बोलला. सरळ बोलला. “आम्हाला मंडळात जागा हवी. नाहीतर आजपासून आम्ही वेगळे.”

टीबू नानांकडे झुकले, मग सरळ झाले. “आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो.”

डुफीच्या स्क्रीनवर सगळ्यांच्या नावांची यादी आली, प्रत्येकासमोर एक छोटा चौकोन. तिनं गावच्या मोबाइलवर खूण केली, तो नानांचा आणि टीबूंचा. मग ओवुसूंच्या वेगळ्या मोबाइलवर. मग कुमासीच्या एका म्हाताऱ्यावर. बोट हवेत थांबलं. मग ते निमाकोच्या नावावर आलं आणि टेकलं.

मागून बघणारा ड्रायव्हर पुढे वाकला. “अगं, तो निमाको…”

“बोट घसरलं.”

“तुझं? सुईत दोरा ओवतेस चष्म्याशिवाय!”

“ड्रायव्हर, तू केळी खा.”

चौकटी नाहीशा झाल्या. बाहेर राहिलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अक्राचा एक जण म्हणाला, “आमचा निमाको कुठे गेला?” डुफी म्हणाली, “येईल.” सिस्टर अजेवा बटाटे सोलायला लागली.

थोड्या वेळानं डुफीच्या स्क्रीनवर लाल खूण पेटली. आतून कुणीतरी मदतीला हाक मारत होतं. डुफीनं पदर सावरल्यासारखं खांद्यावरचं कापड सावरलं आणि ती खूण दाबली. ती आत गेली.

इतक्या वर्षांत ती म्हातारीच्या बैठकीत प्रथमच पाऊल टाकत होती. आत रणधुमाळी चालू होती.

“हा इथे कसा?” टीबू गरजत होते. “इथे बाहेरच्यांना मज्जाव आहे! डुफी, याला काढ!”

“मला खोलीनंच आत घेतलं,” निमाको म्हणाला. तो गोंधळला होता, पण जागचा हलला नव्हता. “मी कशाला जाऊ?”

“ही रीत नाही!” ओवुसू म्हणाले.

“ओच्यामे,” डुफी म्हणाली, “गेल्या वेळी म्हातारीचं बोलणं पार हॅम्बुर्गपर्यंत गेलं. रीत तेव्हाच उघडी पडली. आज मी दार तरी लावलंय.”

टीबूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी हात वर केला. आणि मग जे बोन्सुआसोत कुणी ऐकलं नव्हतं ते झालं. नाना स्वतः बोलले. आवाज पातळ होता, पण प्रत्येक शब्द कळत होता.

“टीबू, आपण इतकी वर्षं म्हातारीला विचारतोय. आज ती स्वतः आलीय. मग विचार की तिला.”

डुफीला समजायला एक क्षण लागला. “नाना! म्हातारी कोण? मी अजून सुईत दोरा ओवते!”

निमाको हसला. ओवुसूही हसले, आणि मग आपण हसलो म्हणून खोकले. टीबू एकटे गंभीर राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि रीतीप्रमाणे, पूर्ण मानानं विचारलं, “म्हातारे, अक्राचे लोक वाटा मागतात. तू काय म्हणतेस?”

डुफीनं चष्मा नाकावर घेतला. चौकटीतले चेहरे एकेक करून पाहिले, जसं माप घेण्याआधी पाहते.

“माप घेताना मी गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर उभं करत नाही,” ती म्हणाली. “आपण त्यांच्या अंगाला बसेल असं काहीतरी ठरवतो आणि ते बाहेर बाकावर. मग कपडा तंग झाला की म्हणतो, यांचंच अंग वाईट. यापुढे इथे अक्राचा एक माणूस बसेल. दर वेळी. आणि निमाको, तुम्ही आत आलात म्हणजे आता वेगळ्या मंडळाची भाषा आत सोडून बाहेर जायचं. पत्रा आधी. पावसाआधी.”

“आणि डावा हात?” टीबूंनी विचारलं. ते सोडायला तयार नव्हते.

“दुधाचा डबा,” निमाको म्हणाला. “मी सगळ्यांना डबे घेऊन देईन, ओच्यामे.”

नानांनी मान डोलावली. मग सगळे जागच्या जागी बसून राहिले, कारण आता बाहेर कसं जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. डुफीनं दार उघडलं.

मोठ्या बैठकीत सगळे परतले. टीबू ताठ बसले. “आम्ही म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणते, मंडळ एकच. तिच्याकडे आता अक्राचाही एक माणूस बसेल. आणि पत्रा पावसाआधी.”

अक्राच्या चौकटींतून टाळ्या वाजल्या.

“म्हातारी बरी आहे ना आता?” सिस्टर अजेवानं विचारलं.

“बरी आहे,” टीबू म्हणाले. “जीभ पूर्वीपेक्षा तिखट झालीय.”

तीन आठवड्यांनी पत्र्यांनी भरलेली लॉरी बोन्सुआसोत शिरली. पुढे निमाको बसला होता, आणि ती चालवत होता ड्रायव्हर. ते काम त्यानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. टीबूंनी स्वतः पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिऊन झालं नाही तोच त्यांची आणि निमाकोची जुंपली.

डुफी तेव्हा दुकानात एका नवरीच्या झग्याला टाचण्या लावत होती. फोन वाजला. दोघे एकदमच बोलत होते.

“आंटी, ओच्यामे म्हणतात सुईणीच्या घरावर लाल पत्रा हवा!”

“लालच शोभतो! पण हा ऐकत नाही. म्हणून म्हटलं, म्हातारीला विचारू.”

डुफीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या सावकाश काढल्या.

“लॉरीत कुठला आहे?”

पलीकडे लॉरीवरची ताडपत्री सरकवल्याचा आवाज आला.

“हिरवा,” निमाको म्हणाला.

“मग चढवा,” डुफी म्हणाली आणि नवरीला हात वर करायला सांगितला.